बाबेलातली बाग

धुळे

चि. बाळ यास,


रावेरहून परतले त्याला आठ दिवस झाले. साडीला लागलेला केळीचा चीक काही निघत नाही, आणि तुझी बाग डोळ्यांसमोरून हलत नाही. अर्ध्या तासाच्या वादळात खांब कमरेतून मोडलेले, घड निम्मेच भरलेले, हिरवेगार, व्यापारी हातही लावणार नाही असे. तू बांधावर बसून होतास. मी शेजारी बसले आणि बोलले काहीच नाही. ईयोबाचे मित्र सात दिवस गप्प बसले होते, तेवढंच त्यांचं बरोबर होतं. तोंड उघडलं आणि त्यांनी त्या पोळलेल्या माणसाला आणखी डागण्या दिल्या.

परवा फोनवर तू जे सांगितलंस, तीही डागणीच आहे. सभेतल्या प्रचारकाने तुला सांगितलं की विश्वास कमी पडला म्हणून बाग गेली, आणि आता पन्नास हजारांचं ‘बी’ पेरलंस तर शंभरपट उगवेल. तू मजुरीसाठी बाजूला ठेवलेले पैसे द्यायला निघालास. बाळा, देऊ नकोस. ज्या बायकांनी तुझी बाग निंदली त्यांची मजुरी आधी. अडवून धरलेली मजुरी देवाच्या कानी आरोळी करते, असं याकोबाच्या पत्रात स्वच्छ लिहिलेलं आहे. त्या पैशाचं दान होत नाही.

तुझ्या ओसरीवर यिर्मयाच्या २९ व्या अध्यायातल्या अकराव्या वचनाची तसबीर आहे. देवाच्या मनात आपलं हित आहे, ते वचन. त्यावर बोट ठेवून तू विचारलंस, “मग हे खोटं का?” खोटं नाही. पण ते एका पत्रातलं वाक्य आहे आणि आपण पत्र न वाचता तेवढंच कापून काचेत घातलं. इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेमेतली माणसं धरून बाबेलला नेली, त्यांना यिर्मया संदेष्ट्याचं ते पत्र गेलं. त्याच सुमारास हनन्या नावाचा संदेष्टा सांगत होता की दोन वर्षांत सगळं परत मिळेल. लोकांना हनन्या आवडणारच. यिर्मयाने सत्तर वर्षं सांगितली. म्हणजे पत्र ऐकणाऱ्यांतल्या बहुतेकांची माती बाबेलातच होणार होती. त्यांना देवाने काय सांगितलं? घरं बांधा, मळे लावा, मुलाबाळांची लग्नं करा, आणि ज्या शहरात कैदी आहात त्या शहराचं भलं पाहा. त्याच्या भल्यात तुमचं भलं. सातव्या वचनातलं हे ‘भलं’ आणि तुझ्या तसबिरीतलं ‘हित’, मूळ इब्रीत दोन्हीकडे एकच शब्द आहे, शालोम. ज्याने धरून नेलं त्याच्या गावाचं भलं! मला हे वाचताना अजूनही अवघड जातं.

दुसरा एक शब्द पाहा. योसेफ यशस्वी झाला असं उत्पत्तीत म्हटलं आहे, तेव्हा तो पोटीफराच्या घरी विकलेला गुलाम होता. पुढे तुरुंगात पडला, तिथेही तेच म्हटलं आहे. पहिल्या स्तोत्रातल्या पाण्याकाठच्या झाडासारख्या माणसाबद्दल तोच धातू. आणि यशयाच्या ५३ व्या अध्यायात, ज्या सेवकाला मारलं, पिळलं, पुरलं, त्याच्या हातून देवाचा मनोरथ सफल होईल असं म्हणताना पुन्हा तोच. मराठीत शब्द बदलतात म्हणून लक्षात येत नाही. देवाचं काम तुझ्या हातून पुढे सरकतंय का, एवढंच तो शब्द विचारतो. एकरी किती रास निघाली, हे तिथे कुणी विचारत नाही.

पंडिता रमाबाईंना हे कळलं होतं असं मला वाटतं. दुष्काळात आईवडील गेले, १८८० मध्ये भाऊ, १८८२ मध्ये नवरा, पदरात तान्ही मनोरमा. केडगावला जमीन घेतली ती फळबागेसाठी, शारदा सदन या त्यांच्या विधवांच्या शाळेचा खर्च निघावा म्हणून. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुली आणल्या आणि त्या जागेवर मुक्ती सदन उभं राहिलं. म्हातारपणी त्या इब्री आणि ग्रीकवरून साध्या बायकांना कळेल असं बायबल मराठीत उतरवत होत्या. १९२१ मध्ये मनोरमाही गेली. रमाबाईंनी काम सोडलं नाही. ते हातावेगळं केलं आणि १९२२ च्या एप्रिलमध्ये डोळे मिटले. यांचा विश्वास कमी होता असं त्या प्रचारकाने म्हणून दाखवावं.

रडू आलं तर रड. देवाला जाब विचार, हबक्कूक संदेष्ट्याने विचारला होता. बुडाचं पिल धरायचं की टिश्यूची नवी रोपं लावायची हे तुझं तुला कळतं, त्यात मी बोलणार नाही. मात्र तलाठ्याकडे पंचनाम्यासाठी जाशील तेव्हा शेजारच्या बांधावरच्या विधवा काकूंनाही बरोबर ने. त्यांचीही बाग पडली आहे आणि त्यांच्याकडे कागद घेऊन फिरणारं कुणी नाही.

बाजाराच्या आदल्या दिवशी मी चोपडा-यावलच्या गाडीने येते. मजुरीला कमी पडतील ते पैसे आणते; परत करायचं नाव काढू नकोस. बायकांना निरोप दे, बाजाराआधी हिशेब होईल. सूनबाईला म्हणावं, तसबीर राहू दे भिंतीवर. आल्यावर ते पत्र पहिल्या वचनापासून सगळे मिळून वाचू.

तुझी,
आत्या