मोकळी हवा आणि भुशीची गर्दी

प्रश्न : कोविडच्या साथीत उघड्यावर संसर्ग होत नाही म्हणतात. मग लोणावळ्याच्या भुशी धरणावर बंदी का घातली होती? पुन्हा साथ आली तर आईवडिलांना फिरायला नेता येईल का?
– एक वाचक, वलवण

उत्तर : उघड्यावर श्वासातले विषाणू वाऱ्याने लवकर विरळ होतात, त्यामुळे बंद खोलीपेक्षा धोका बराच कमी असतो, पण तो शून्य नसतो. भुशीच्या पायऱ्यांवर पावसाळी रविवारी माणसे खांद्याला खांदा लावून बसतात, पाण्याच्या आवाजावर ओरडून बोलतात. तिथे मोकळ्या हवेचा फायदा फारसा उरत नाही. २०२० आणि २०२१च्या पावसाळ्यात प्रशासनाने लोणावळ्यातील पर्यटनस्थळांवर बंदी घातली, ती या गर्दीमुळे. अशी बंदी असताना तिथे जाऊ नये.

एरवी ज्येष्ठांनी घरात कोंडून राहण्याची गरज नाही. आठवड्याच्या मधल्या दिवशी, सकाळी लवकर, वलवणमधल्याच कमी वर्दळीच्या रस्त्यावर घरच्यांसोबत चालणे उत्तम. खरा धोका बहुधा वाटेवर असतो: काचा बंद केलेली भरगच्च गाडी, भजी-चहाच्या टपरीवरची दाटी. पावसात भिजलेला मास्क नीट काम करत नाही, म्हणून कोरडा जादा मास्क जवळ ठेवावा.

ताप, खोकला असल्यास घरीच थांबावे. आजारातून उठल्यावर लोहगडाची चढण लगेच नको. सपाटीवरून हळूहळू सुरुवात करावी. धाप लागली किंवा छातीत दुखले तर थांबून डॉक्टरांना दाखवावे.