गल्ल्यावर न बसता घर चालेल का? दुकानदाराच्या आर्थिक स्वातंत्र्याचं गणित



व्हिडिओत आकडे भराभर पुढे जातात, म्हणून हा हिशेब इथे सावकाश मांडतोय. वही-पेन घेऊन बसा. नुसतं वाचून सोडलंत तर उपयोग नाही.

परदेशात एक शब्द चालतो, 'फायर'. म्हणजे आर्थिक स्वातंत्र्य मिळवा आणि लवकर निवृत्त व्हा. विकी रॉबिन आणि जो डोमिंग्वेझ यांच्या 1992 च्या 'युवर मनी ऑर युवर लाइफ' या पुस्तकाचं नाव त्यात नेहमी घेतलं जातं. पण यावर जे काही ऐकायला मिळतं ते बहुतेक पगारदारांसाठी असतं. आपलं काय? आपल्याला पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, निवृत्तीची तारीख नाही. शाल-श्रीफळ देऊन आपल्याला कुणी घरी पाठवत नाही. गुडघे बोलायला लागले तरी शटर वर करावंच लागतं.

म्हणून दुकानदारासाठी मी सोपी व्याख्या करतो: ज्या दिवशी गल्ल्याला हात न लावता घर चालेल, तो तुमचा स्वातंत्र्यदिन. त्यानंतर दुकानात बसायचं की नाही, हे तुम्ही ठरवाल.

पायरी 1: मालकाला पगार द्या

गल्ल्यातून भाजी, गल्ल्यातून शाळेची फी, गल्ल्यातून पेट्रोल. असं चालू असेल तर घराला किती लागतं आणि दुकान किती कमावतं, दोन्ही कळणार नाही.

स्वतःला एक प्रश्न विचारा. माझ्या जागी दिवसभर बसायला, खरेदी बघायला भरवशाचा माणूस ठेवला तर त्याला किती द्यावे लागतील? तो तुमचा पगार. दर महिन्याच्या 1 तारखेला तो करंट अकाउंटमधून घरच्या सेव्हिंग खात्यात टाका. घर त्यातच चालवा.

आता बघा, तो पगार काढल्यावर दुकानात नफा उरतो का? उरत असेल तर तुमच्याकडे धंदा आहे. उरत नसेल तर तुम्ही स्वतःच्याच दुकानात नोकरी करताय. असं असेल तर आधी मार्जिन, डेड स्टॉक आणि उधारी यांच्याकडे बघा. गुंतवणुकीचा नंबर त्यानंतर.

पायरी 2: तुमचा आकडा काढा

एका महिन्याचा खर्च काढून त्याला 12 ने गुणू नका. दिवाळी, विमा, फी, लग्नातले आहेर, गावची जत्रा, गाडीचं काम हे खर्च दर महिन्याला येत नाहीत, पण वर्षात येतातच.

समजा तालुक्याच्या गावातलं एक कुटुंब आहे:

- महिन्याचा खर्च 32,000, म्हणजे वर्षाला 3,84,000
- वर्षातून एकदा-दोनदा येणारे खर्च 96,000
- एकूण 4,80,000

अमेरिकेत विल्यम बेंगेन या आर्थिक सल्लागाराने 1994 मध्ये तिथल्या जुन्या बाजारभावांवरून हिशेब मांडला. पहिल्या वर्षी जमा रकमेच्या साधारण 4 टक्के काढले आणि पुढे महागाईप्रमाणे वाढवत नेले, तर पैसा 30 वर्षं पुरतो. त्यावरून 'वर्षाच्या खर्चाच्या 25 पट' हा नियम आला.

हा नियम जसाच्या तसा उचलू नका. तो अमेरिकेतल्या शेअर आणि रोख्यांवर बेतलेला आहे, आणि 30 वर्षांसाठी आहे. तुम्ही 50 व्या वर्षी थांबलात तर 40 वर्षांचीही सोय लागू शकते. म्हणून मी 30 पट धरायला सांगतो.

4,80,000 × 30 = 1 कोटी 44 लाख. हा आजच्या भावातला आकडा. महागाई 6 टक्के धरली तर 15 वर्षांनी हेच घर चालवायला वर्षाला साधारण साडेअकरा लाख लागतील, आणि लक्ष्य जाईल सुमारे 3 कोटी 45 लाखांवर.

घाबरलात? थांबा, हा आकडा हलका करता येतो.

पायरी 3: आकडा हलका करा

*गाळा स्वतःचा आहे?* मग दुकान थांबलं तरी भाडं येईल. महिना 12,000 भाडं मिळत असेल तर वर्षाचे 10 महिनेच धरा. भाडेकरू बदलतो, दुरुस्ती निघते. 1,20,000 वजा केले की गुंतवणुकीतून लागतात 3,60,000. त्याच्या 30 पट म्हणजे 1 कोटी 8 लाख. एका गाळ्याने 36 लाखांचा भार उचलला.

*खर्च कमी केला तर?* महिन्याला 1,000 रुपये कायमचे कमी झाले की लक्ष्य 3,60,000 ने खाली येतं. आणि तेच 1,000 गुंतवायलाही मिळतात.

*अर्धं स्वातंत्र्य चालेल?* मला हाच मार्ग सगळ्यात व्यवहारी वाटतो. निम्मा खर्च गुंतवणुकीतून, निम्मा अर्धवेळ दुकानातून. मग लक्ष्यही निम्मं, आजच्या भावात 54 लाख आणि 15 वर्षांनी साधारण 1 कोटी 29 लाख.

पायरी 4: काय मोजायचं नाही

'माझे सगळे पैसे दुकानातच आहेत' असं आपण अभिमानाने सांगतो. पण भरलेली मांडणी म्हणजे पेन्शन नव्हे. दुकान बंद करताना माल खरेदीच्या भावातही जात नाही. आणि शटर कायमचं खाली गेलं की उधारीवाला रस्ता बदलतो. गाळा भाड्याचा असेल तर 'मोक्याची जागा' मालकाची, तुमची नाही. भिशी शिस्त लावते, पण ओळखीवर चालणाऱ्या भिशीत कागद हातात नसतो. म्हातारपणाचा पैसा तिथे ठेवू नका.

स्टॉक, उधारी, भिशी हे तिन्ही बाजूला ठेवून जे उरतं, ते तुमचं खरं निवृत्तीधन.

पायरी 5: पैसा कुठे आणि कोणत्या क्रमाने

1. गंगाजळी. घराचा 6 महिन्यांचा खर्च, शिवाय दुकानाचं 3 महिन्यांचं भाडं आणि पगार.

2. महागडं कर्ज. क्रेडिट कार्ड, खाजगी सावकार, हातउसने आधी फेडा.

3. विमा. कुटुंबाचा आरोग्य विमा आणि टर्म इन्शुरन्स. दुकान एकट्याच्या नावावर असेल तर धंद्याचं देणं घरापर्यंत येतं. म्हणून विवाहित पुरुषाने टर्म पॉलिसी घेतानाच ती 1874 च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली करून घ्यावी. मग ती रक्कम बायको-मुलांची होते, देणेकऱ्यांना त्यावर हक्क सांगता येत नाही.

4. पीपीएफ. वर्षाला कमाल दीड लाख, मुदत 15 वर्षं. तुमच्या देण्यापोटी कोर्टाच्या हुकमानेही या खात्यावर जप्ती येत नाही. व्यापाऱ्यासाठी ही मोठी गोष्ट आहे. व्याज 5 तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या कमीत कमी शिल्लक रकमेवर मिळतं, म्हणून 5 च्या आत भरा. 7.1 टक्के दर कायम धरला तर 15 वर्षांत 22.5 लाखांचे साधारण 40 लाख 68 हजार होतात.

5. इंडेक्स फंडात एसआयपी. महिना 15,000, परतावा 10 टक्के धरला तर 15 वर्षांत सुमारे 62 लाख. हाच हप्ता दरवर्षी 10 टक्के वाढवत नेला तर सुमारे 1 कोटी 10 लाख. 10 टक्क्यांची हमी कुणी देत नाही, हा फक्त अंदाज आहे.

पीपीएफ आणि वाढती एसआयपी मिळून साधारण दीड कोटी. म्हणजे आपल्या उदाहरणातल्या कुटुंबाचं अर्धं स्वातंत्र्य झालं, वर थोडं उरलंही.

एक खास दुकानदारी युक्ती सांगतो. आपली कमाई पगारासारखी सपाट नसते. म्हणून एसआयपीचा हप्ता मंदीच्या महिन्यालाही झेपेल एवढाच ठेवा. दिवाळी, लग्नसराई, शाळेचा सीझन संपला की आठवड्याच्या आत नफ्यातला ठरलेला हिस्सा बाहेर काढा. उशीर केलात तर होलसेलरची नवी स्कीम तो पैसा गिळते.

पायरी 6: निवृत्तीची तालीम

पैसा जमला, आता दिवसभर करायचं काय? वीस-पंचवीस वर्षं काउंटरवर बसलेल्या माणसाची सगळी ओळख, सगळ्या गप्पा काउंटरवरच असतात. तो अचानक घरी बसला की आठवड्यात चिडचिड सुरू होते.

म्हणून आत्तापासून सराव करा. पुण्यातल्या एक ते चार बंद दुकानांवर सगळे विनोद करतात, पण दुपारचं जेवण घरच्यांबरोबर करणारा दुकानदार मला शहाणा वाटतो. आधी आठवड्याची सुट्टी खरी सुट्टी करा. मग वर्षातून सलग 10 दिवस दुकान चालू आणि मालक बाहेर, असं करून बघा. दुकान तुमच्याशिवाय कुठे अडतं ते कळेल, आणि तुम्ही दुकानाशिवाय कुठे अडता तेही.

जोडीदाराला सगळी खाती, पॉलिसी, नॉमिनी माहीत हवेत. आणि मुलांशी स्पष्ट बोला. मुलगा-मुलगी आवडीने दुकानात आले तर आनंदच. पण आई-बाबांचं म्हातारपण चालवायला दुसरा मार्ग नाही म्हणून त्यांना गल्ल्यावर बसावं लागलं, तर आपलं स्वातंत्र्य आपण त्यांच्याकडून उसनं घेतलं असं होईल.

आजचा गृहपाठ

वहीत तीन ओळी लिहा:

- घराचा वर्षाचा खर्च आणि त्याच्या 30 पट
- स्टॉक, उधारी, भिशी वगळून आज जमा असलेली रक्कम
- येत्या 1 तारखेपासून मालकाचा पगार किती

पहिल्या दोन ओळींतलं अंतर मोठं दिसेल. दिसू द्या. मोठी रक्कम गुंतवण्याआधी सेबीकडे नोंदणी असलेल्या सल्लागाराला हीच वही दाखवा. आणि तिसरी ओळ मात्र येत्या 1 तारखेलाच अमलात आणा.