जुन्या ट्रॅक्टरचे वय

खंडेनवमीला महाराष्ट्रातील शेतकरी नांगर, कुळव, पाभर, खुरपी, कोयते धुऊन ओळीने मांडतो आणि त्यांना हळदकुंकू व झेंडूची फुले वाहतो. दिल्लीच्या आसपासच्या हरियाणातील खेड्यांत अवजारांना हाच मान दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी, विश्वकर्म्याच्या पूजेला मिळतो. अवजारांच्या या रांगेत आता ट्रॅक्टरही उभा असतो आणि पुष्कळदा तो नवा नसतो. रंग उडालेला, मडगार्डला ठिगळ लावलेला, ज्याच्या कारखान्याचे दारही कदाचित बंद झाले असेल, असा एखादा जुना ट्रॅक्टर घरातल्या वडीलधाऱ्या माणसासारखा फुलांची माळ घालून तेथे उभा असतो. तो अजून का सांभाळला जातो आणि तसे करणे अवघड का होत चालले आहे, हे समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

स्वातंत्र्याच्या सुमारास ट्रॅक्टर ही सामान्य शेतकऱ्याच्या मालकीची वस्तू नव्हती. मध्य भारतातील लाखो एकर जमीन त्या वेळी कांस नावाच्या गवताने व्यापली होती. या गवताची मुळे जमिनीत इतकी खोलवर पसरतात, की बैलांच्या नांगराने ती निघत नाहीत. वरचे गवत कापले तरी पुढच्या पावसात ते पुन्हा उगवते. ही जमीन लागवडीखाली आणण्यासाठी भारत सरकारने केंद्रीय ट्रॅक्टर संघटना स्थापन केली. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी सैन्याने मागे ठेवलेली जड यंत्रे आरंभी तिच्या कामी आली. पुढे १९४९ मध्ये शेतीच्या यंत्रसामग्रीसाठी जागतिक बँकेने भारताला एक कोटी डॉलरचे कर्ज दिले. ट्रॅक्टर देशात आला तो असा, सरकारी खात्याचे यंत्र म्हणून.

तो शेतकऱ्याच्या अंगणात पोहोचण्याची सुरुवात दिल्लीपासून अगदी जवळ झाली. २४ एप्रिल १९५९ रोजी फरिदाबाद येथील कारखान्यातून आयशर कंपनीचा ट्रॅक्टर बाहेर पडला. भारतात जुळणी झालेला हा पहिला ट्रॅक्टर मानला जातो. मूळ आयशर कंपनी जर्मनीतील बव्हेरिया प्रांतातली. हवेने थंड होणारे डिझेल इंजिन हे तिचे वैशिष्ट्य होते. बहुतेक ट्रॅक्टरांत इंजिनाभोवती पाणी खेळवून त्याची उष्णता रेडिएटरमधून बाहेर टाकतात. येथे रेडिएटरच नाही. सिलिंडरभोवती धातूच्या पातळ पट्ट्या असतात आणि पंख्याचा वारा त्यांवरून वाहत राहतो. पाणी गळण्याची, आटण्याची किंवा कडाक्याच्या थंडीत गोठण्याची चिंता नाही. मात्र त्या पट्ट्यांमध्ये भुसा आणि धूळ साचू देता कामा नये. मळणीच्या हंगामात ज्याने ही सफाई टाळली, त्याचे इंजिन तापलेच म्हणून समजावे.

१९६१-६२ या वर्षात साऱ्या देशात मिळून जेमतेम ८८० ट्रॅक्टर तयार झाले. नंतरच्या दशकात चित्र पालटले. हरितक्रांतीचा गहू शेतात उभा राहिला, कूपनलिका खोदल्या गेल्या आणि वेळेवर पेरणी करण्याची निकड वाढली. १९७१ मध्ये फरिदाबादच्याच एस्कॉर्ट्स समूहाच्या कारखान्यात तीन सिलिंडरचा फोर्ड ३००० तयार होऊ लागला. त्याच सुमारास हरियाणातील पिंजोर येथे सरकारी एचएमटी कंपनीने चेकोस्लोव्हाकियाच्या झेटरचा दोन सिलिंडरचा ट्रॅक्टर बनवण्यास प्रारंभ केला. यांतील अनेक ट्रॅक्टर अजून चालू स्थितीत आढळतात. कंपन्यांचे मात्र तसे नाही. आयशरचा ट्रॅक्टर विभाग २००५ मध्ये चेन्नईच्या टाफे कंपनीकडे गेला. एचएमटीचा ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला.

अशा ट्रॅक्टरचा मालक मग काय करतो? एखादा सुटा भाग दिल्लीच्या काश्मिरी गेटच्या बाजारात शोधतो, दुसरा मायापुरीच्या भंगारातून आणतो, तिसरा लेथवर घडवून घेतो. या खटपटीत गावच्या मिस्त्रीचे ज्ञान सर्वांत मोलाचे ठरते. इंजिनाच्या नुसत्या आवाजावरून नोझल बिघडले की वॉल्व्हची फट वाढली, हे तो सांगतो. हे ज्ञान पुस्तकात नसते. ते उस्तादाकडून शागिर्दाकडे जाते, आणि दुरुस्तीला जुने यंत्रच उरले नाही तर तेथेच थांबते.

नांगरणीची ताकद ओसरल्यावरही ट्रॅक्टर लगेच निवृत्त होत नाही. घरात नवा ट्रॅक्टर येतो आणि जुन्याला बसल्या जागची कामे मिळतात. त्याच्या फिरत्या दांड्याला पट्टा जोडून कडबाकुट्टी चालवतात, मळणीयंत्र फिरवतात, पाण्याचा पंप ओढतात. संग्राहकाला कदाचित हे रुचणार नाही. मूळ रंग, मूळ दिवे, मूळ आसन हवे असा त्याचा आग्रह असतो. शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरचे आसन गोणपाटाचे असते आणि दिवा भलत्याच गाडीचा. पण इंजिन सुरू होते. जतन म्हणजे यांपैकी नेमके काय, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही.

जतनाचा दुसरा मार्ग संग्रहालयाचा. नवी दिल्लीतील पुसा परिसरात राष्ट्रीय कृषी विज्ञान संग्रहालय आहे. प्रागैतिहासिक काळापासून आजपर्यंतच्या भारतीय शेतीचा प्रवास तेथे उलगडून दाखवला आहे. हरियाणात तावडू येथे २०१३ मध्ये सुरू झालेल्या वारसा वाहतूक संग्रहालयात मोटारी आणि रेल्वे यांच्याबरोबर ग्रामीण वाहनांनाही जागा मिळाली आहे. विद्यार्थ्यांनी ही ठिकाणे अवश्य पाहावीत. मात्र काचेपलीकडचा नांगर पाहून त्याचे रूप कळते, त्याचा भार कळत नाही. जमिनीत फाळ किती तिरका धरायचा, हे मूठ हाती धरल्याखेरीज कोणाला कळले आहे?

आज जुने म्हणून जपावेसे वाटणारे अवजार एकेकाळी नवे आणि संशयास्पदही होते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी विसाव्या शतकाच्या आरंभी बेळगावात लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते अशी समजूत शेतकऱ्यांमध्ये होती. नांगर विकले जाण्यासाठी त्यांना दीर्घकाळ वाट पाहावी लागली. १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली आणि लोखंडी नांगर मराठी मुलखात घरोघरी गेला.

दिल्लीच्या परिसरात जुन्या ट्रॅक्टरपुढील अडचण मात्र समजुतीची नाही, कायद्याची आहे. राजधानीची हवा हिवाळ्यात किती दूषित होते, हे सर्वज्ञात आहे. त्यामुळे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने एप्रिल २०१५ मध्ये दहा वर्षांहून जुन्या डिझेल वाहनांना दिल्लीच्या रस्त्यांवर मनाई केली. २९ ऑक्टोबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशी वाहने राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात चालू नयेत, असे बजावले. हे क्षेत्र हरियाणा, उत्तर प्रदेश आणि राजस्थान या राज्यांतील अनेक जिल्ह्यांपर्यंत पसरले आहे आणि त्यातला मोठा भाग शेतीचा आहे. ट्रॅक्टरचे काय, हा प्रश्न शेतकऱ्यांनी विचारला तो त्यामुळेच.

त्या प्रश्नामागे एक तांत्रिक मुद्दा आहे. मोटारीने किती किलोमीटर अंतर कापले, ते तिच्या मापकावर दिसते. ट्रॅक्टरच्या मापकावर तास मोजले जातात. इंजिन किती तास चालले, त्यावरून तेल कधी बदलायचे आणि दुरुस्ती कधी करायची ते ठरते. लहान शेतकऱ्याचा ट्रॅक्टर पेरणी आणि मळणीच्या आठवड्यांत राबतो व उरलेला बराच काळ छपराखाली उभा असतो. भाड्याने चालणारा ट्रॅक्टर वर्षभर विटा आणि वाळू वाहतो. दहा वर्षांनी दोघांचे वय कागदावर सारखेच भरते. जुन्या डिझेल इंजिनाचा धूर निरुपद्रवी आहे, असे याचा अर्थ कोणी काढू नये. बिघडलेल्या नोझलचा काळा धूर शेतकऱ्याच्याच छातीत आधी जातो. पण वर्षे मोजावीत, तास मोजावेत की धूर मोजावा, हा वाद खरा आहे आणि नवा ट्रॅक्टर घेण्याची ऐपत नसलेल्या घरासाठी तो पोटाशी निगडित आहे.

इंजिन कायमचे थांबले तरी त्याच्यामागचे अवजार वाया जात नाही. आयरिश अभियंता हॅरी फर्ग्युसन याने अवजार ट्रॅक्टरला तीन बिंदूंवर जोडण्याची आणि हायड्रॉलिकच्या जोराने उचलण्याची पद्धत विकसित केली. १९३९ पासून फोर्डच्या ट्रॅक्टरमधून ती जगभर पसरली. तिची मापे पुढे प्रमाणित झाली. त्यामुळे वडिलांच्या ट्रॅक्टरमागे चाललेला पलटी नांगर मुलाच्या नव्या ट्रॅक्टरलाही बहुधा बसतो. खालचे दोन दांडे अडकवायचे, वरचा एक जोडायचा, तिन्ही पिना घालायच्या आणि शेताकडे निघायचे.