दुसऱ्याची रोजनिशी वाचा, आपली रोजनिशी लिहा

व्यापाराला भांडवल लागते, ओळख लागते आणि कष्ट लागतात, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु या तिन्ही गोष्टी असूनही पुष्कळ दुकाने दुसऱ्या पिढीत बसतात. याचे एक मोठे कारण असे की, बाप तीस-चाळीस वर्षांत जे शिकला ते त्याच्याबरोबरच जाते. दुकान, माल आणि उधारीची वही मुलाच्या हाती येते. परंतु कोणता माल कोणत्या महिन्यात भरावा, कोणाला किती उधार द्यावे, मंदीच्या वर्षी घर कसे चालविले, हे कोठेही लिहिलेले नसते. मग मुलाला तेच धडे पुन्हा पहिल्यापासून, आणि पुन्हा तेवढेच नुकसान सोसून शिकावे लागतात.

हे टाळण्याचा एक साधा मार्ग आहे. ज्यांनी आपले रोजचे जगणे प्रामाणिकपणे लिहून ठेवले त्यांचे लिखाण वाचावे, त्यातून आपल्या उपयोगाचे तेवढे उचलावे आणि स्वतःही रोज चार ओळी लिहाव्यात. हा लेख त्याच अभ्यासासाठी आहे.

थोरांची चरित्रे आपण वाचतो, भारावून जातो आणि दुसऱ्या दिवशी दुकान उघडले की विसरतो. कारण चरित्रात शिखर दिसते, पायऱ्या दिसत नाहीत. रोजनिशी, पत्रे आणि आत्मकथन यांत मात्र पायऱ्या असतात. त्यात माणसाचे नुकसान, उधारी, आजारपण, चुकलेला सौदा आणि त्यातून काढलेली वाट दिसते. सामान्य माणसाच्या उपयोगाची प्रेरणा तिथे मिळते. अशी काही उदाहरणे आपण पाहू.

बनारसीदासांची उधारी

सतराव्या शतकात जौनपूर आणि आग्रा येथे व्यापार करणारे बनारसीदास नावाचे जैन व्यापारी होते. त्यांचा जन्म 1586 सालचा. 1641 साली त्यांनी 'अर्धकथानक' या नावाने आपली जीवनकथा पद्यात लिहिली. माणसाचे पूर्ण आयुष्य 110 वर्षांचे धरून, निम्मे सरले म्हणून ही अर्धी कथा, असा त्या नावाचा अर्थ.

या व्यापाऱ्याने आपला मोठेपणा सांगितलेला नाही. आग्र्याला विकायला नेलेली रत्ने कशी हरवली, सौदे कसे बुडाले, हे त्यांनी लिहिले आहे. एक वेळ अशी आली की जेवणालाही पैसा उरला नाही. तेव्हा ते एका कचोरीवाल्याकडे उधारीवर खाऊ लागले. काही दिवसांनी त्यांनी त्याला आपली खरी स्थिती स्वतःहून सांगितली. कचोरीवाल्याने उधारी बंद केली नाही. कित्येक महिने त्याने त्यांना खाऊ घातले आणि पुढे पैसा हाती आल्यावर बनारसीदासांनी ते देणे फेडले.

या छोट्या प्रसंगात देणेकरी आणि घेणेकरी या दोघांसाठीही धडा आहे. ज्याच्याकडे बाकी आहे त्याने तोंड चुकवू नये, समोर येऊन सांगावे. आणि ज्याची बाकी आहे त्याने खरे बोलणारा गिऱ्हाईक आणि टाळणारा गिऱ्हाईक यांतील फरक ओळखावा. आपल्या भागात पावसाने दगा दिला की ही दोन्ही माणसे प्रत्येक दुकानात समोरासमोर येतात.

तय्यबजींची अखबारची किताब

दुसरे उदाहरण आपल्या मुंबईचे आणि मुस्लिम व्यापारी घराण्याचे आहे. तय्यबजी भाईमियाँ (1803 ते 1863) हे साध्या परिस्थितीतून वर येऊन मुंबईचे मोठे व्यापारी झाले. त्यांचे आत्मकथन उपलब्ध आहे. प्रसिद्ध कायदेपंडित आसफ फैजी यांनी ते संपादित करून विसाव्या शतकाच्या साठच्या दशकात एशियाटिक सोसायटीच्या मुंबईच्या नियतकालिकातून प्रसिद्ध केले. या व्यापाऱ्याने कमावलेल्या पैशातून मुलांना विलायतेत शिकविले. त्यांचे पुत्र कमरुद्दीन सॉलिसिटर झाले. दुसरे पुत्र बद्रुद्दीन 1867 साली बॅरिस्टर झाले, 1887 साली मद्रासच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष झाले आणि 1895 साली मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. 1874 साली स्थापन झालेल्या अंजुमन-ए-इस्लामच्या संस्थापकांत हे दोघे बंधू होते.

परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीने या घराण्याची दुसरी एक रीत अधिक महत्त्वाची आहे. त्यांच्या घरांतून 'अखबारची किताब' ठेवलेली असे. ही छापील वर्तमानपत्राची फाइल नव्हे, तर कोऱ्या पानांची घरची वही. पुरुष, स्त्रिया, मुले, आलेले पाहुणे, कोणीही तीत लिहावे. कोण आले, कोण गेले, कोण आजारी पडले, आज काय घडले, काय वाटले, असा मजकूर त्यात असे. एकाने लिहिलेले दुसरा वाची. त्यामुळे घरातील अनुभव एका माणसापाशी कोंडून राहत नसे. तो सर्वांचा होई.

अशी वही ठेवायला बंगला लागत नाही. शंभर पानांची वही आणि एक पेन पुरे. हिमायतनगरच्या बाजारातील बहुतेक दुकाने घरचीच आहेत. दोन भाऊ दुकानात, तिसरा माल आणायला नांदेडला, वडील घरी, अशी पद्धत असते. आई किंवा पत्नी शिवणकाम, लोणची-पापड असा काही जोडधंदाही करीत असते. या सर्वांची मिळून एक वही गल्ल्यापाशी असली तर 'मला कोणी सांगितलेच नाही' हे रोजचे भांडण निम्मे कमी होईल. आणि वाटणीच्या वेळी ती वही साक्षीदारासारखी उपयोगी पडेल.

सलीम अलींची टिपणवही

याच तय्यबजी परिवारात वाढलेले पक्षितज्ज्ञ डॉ. सलीम अली (1896 ते 1987) यांचे 'द फॉल ऑफ अ स्पॅरो' हे आत्मचरित्र 1985 साली प्रसिद्ध झाले. तरुणपणी ते ब्रह्मदेशात तवॉय येथे कुटुंबाच्या खाणीच्या आणि लाकडाच्या धंद्यात गेले होते. त्या धंद्यात त्यांचे बस्तान बसले नाही. 1930 साली जर्मनीतून शिकून परतल्यावर हाताला नोकरी नव्हती. तेव्हा ते अलिबागजवळ किहीम येथे राहिले. घराजवळच्या झाडावर सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. रिकामे बसून हळहळण्याऐवजी त्यांनी रोज त्या पक्ष्यांचे निरीक्षण करून नोंदी केल्या. त्या नोंदींतूनच त्यांचा गाजलेला शोधलेख तयार झाला.

मंदीच्या दिवसांत गिऱ्हाईक नाही म्हणून रस्त्याकडे पाहत बसणाऱ्या दुकानदाराने यातून काय घ्यावे? हेच की, रिकामा वेळ हाही माल आहे. त्या वेळात समोरचा बाजार नीट पाहिला आणि लिहिला तर पुढच्या हंगामात त्याची किंमत वसूल होते.

लिहिणे ही आपली जबाबदारीही आहे

व्यवहार लिहून ठेवण्याचा आग्रह आपल्याला नवा नाही. पवित्र कुरआनातील सर्वांत मोठी आयत (सूरह अल-बकरा, आयत 282) नमाज-रोजाबद्दल नसून उधारीच्या व्यवहाराबद्दल आहे, ही गोष्ट प्रत्येक व्यापाऱ्याने मनन करण्याजोगी आहे. मुदतीचे देणे असेल तर लिहून ठेवावे, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, ज्याच्यावर देणे आहे त्याने मजकूर सांगावा, साक्षीदार ठेवावेत आणि रक्कम लहान असो वा मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नये, असे तिचे मार्गदर्शन आहे. रोखीच्या हातोहात सौद्याला मात्र लेखी नोंदीची सवलत आहे. त्याच्या थोडे आधी, आयत 280 मध्ये, देणेकरी अडचणीत असेल तर त्याला सवड द्यावी आणि माफ करणे अधिक चांगले, असे सांगितले आहे.

मजकूर देणेकऱ्याने सांगावा, यातील शहाणपण पाहा. आपल्याकडे दुकानदार एकटाच वहीत आकडा टाकतो आणि सहा महिन्यांनी 'एवढे कसे झाले?' म्हणून वाद होतो. गिऱ्हाइकाच्या तोंडून आकडा वदवून घेतला आणि लिहिलेले त्याला वाचून दाखविले तर हा वाद उद्भवतच नाही.

एकच ईद, दोन हंगाम

आता कोणी म्हणेल, हिशेबाची वही आहे, जीएसटीची बिले आहेत, मोबाइलवर आलेल्या पैशांची नोंद आहे, मग ही आणखी वही कशाला? याचे उत्तर असे की, हिशेबाची वही किती विकले ते सांगते, का विकले ते सांगत नाही.

एक उदाहरण घेऊ. हिजरी वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा सुमारे 11 दिवसांनी लहान असते. त्यामुळे ईद दरवर्षी मागे सरकत जाते आणि सुमारे 32-33 वर्षांनी पुन्हा त्याच हंगामात येते. आपल्याकडे 2016 साली ईदुल फित्र जुलैच्या पहिल्या आठवड्यात होती. 2025 साली ती 31 मार्चला आली. कापड दुकानदाराला दोन्ही ईदच वाटतात. परंतु जुलैत आपल्या भागातील शेतकऱ्याचा पैसा बियाणे आणि खतात गुंतलेला असतो, तर मार्चमध्ये कापूस-सोयाबीन विकून झालेले आणि हरभरा घरात येत असलेला असतो. गिऱ्हाईक मुस्लिम असो वा नसो, पैसा शेतातूनच येतो. म्हणून जुलैच्या ईदच्या अंदाजाने मार्चचा माल भरला तर फसगत होते.

1993 साली ईद मार्चमध्येच होती. त्या वर्षी दुकानात बसणाऱ्या वडिलांनी 'अमुक माल आठ दिवस आधीच संपला, तमुक तागे पडून राहिले' एवढे दोन ओळींत लिहून ठेवले असते, तर ती जुनी वही 2025 साली मुलाच्या कामी आली असती. कपड्यांची फॅशन बदलली, भाव बदलले, तरी हंगाम आणि गिऱ्हाइकाच्या हातातील पैसा यांचे नाते फारसे बदललेले नाही. महाशिवरात्रीला आपल्या गावी भरणाऱ्या श्री परमेश्वराच्या यात्रेलाही हेच लागू आहे. यात्रेच्या दिवसांत काय खपले, बाहेरगावचे लोक काय मागत होते, हे दरवर्षी लिहिणारा दुकानदार दोन-तीन वर्षांतच इतरांच्या पुढे जाईल.

वही कशी लिहावी

रात्री दुकान बंद करताना दहा मिनिटे पुरेत. खालील पाच गोष्टी लिहाव्यात.

1. इंग्रजी आणि हिजरी अशा दोन्ही तारखा. हिजरी तारखेचा दुसराही उपयोग आहे. जकातीचे वर्ष चांद्र असते आणि विक्रीसाठीच्या मालावर अडीच टक्के जकात काढताना त्या दिवशीचा माल व भाव लागतो. मालाची नोंद तयार असली की हिशेब सोपा होतो. शंका असेल तेथे आलिमांना विचारावे.

2. पाऊस-पाणी आणि बाजार. मोंढ्यात कापूस, सोयाबीन किंवा हळदीचा भाव काय होता, पाऊस पडला की उघडीप होती.

3. 'नाही' म्हटलेला माल. आज गिऱ्हाइकाने काय मागितले आणि आपल्याकडे नव्हते. आमच्या मते ही सर्वांत मोलाची ओळ आहे. समजा, एकाच महिन्यात सात जणांनी शाळेच्या गणवेशाचे एकच माप मागितले आणि सातही जण परत गेले, तर पुढच्या जूनची खरेदी यादी आपोआप तयार झाली.

4. आजचा निर्णय आणि त्याचे कारण. 'अमक्या ठोक व्यापाऱ्याकडून माल घेतला' एवढेच लिहू नये. 'भाव जास्त, पण परत घेण्याची तयारी, म्हणून घेतला' असे लिहावे. सहा महिन्यांनी निर्णय तपासता येतो.

5. आज वाचलेल्या किंवा पाहिलेल्या गोष्टींतील एक उचल. दुसऱ्याच्या अनुभवातून काय घेतले आणि आपल्या दुकानात ते कसे लावून पाहिले.

काही पथ्ये

पहिले पथ्य, वहीत खोटे लिहू नये. ही वही जाहिरात नाही. नुकसान झाले तर नुकसानच लिहावे, कारण मुलाला त्याचाच उपयोग आहे.

दुसरे पथ्य, गिऱ्हाइकाची घरगुती गुपिते लिहू नयेत. दुकानात माणूस विश्वासाने बोलतो. ते बोलणे अमानत आहे. ते चारचौघांत वाचल्या जाणाऱ्या वहीत उतरविणे म्हणजे गीबतच होय. उधारीची वही वेगळी आणि ही वही वेगळी ठेवावी.

तिसरे पथ्य, दुसऱ्याचे वाचून जसेच्या तसे करू नये. त्याचे भांडवल, गाव आणि काळ वेगळा असतो. मुंबईच्या व्यापाऱ्याचा मोठा सौदा आपल्या उपयोगाचा नाही, त्याची शिस्त उपयोगाची आहे. एका वेळी एकच सवय उचलावी, ती तीन महिने चालवावी आणि फायदा दिसला तरच दुसरी घ्यावी.

चौथे पथ्य, मोबाइलवर लिहिणे सोयीचे असले तरी महिन्यातून एकदा ते कागदावर उतरवून घ्यावे. मोबाइल बदलतो, हरवतो, बिघडतो. कागदाची वही पत्र्याच्या पेटीत पुढच्या पिढीची वाट पाहते.

चौदाव्या शतकात इब्ने बतूता 1342 साली दिल्लीहून निघून पुढे आपल्या मराठवाड्यातील दौलताबादेस आला. तेथील द्राक्षे-डाळिंबे आणि रत्नांचे श्रीमंत व्यापारी यांचे वर्णन त्याच्या प्रवासवृत्तांतात आहे. मोरोक्कोला परतल्यावर त्याने तो वृत्तांत सांगितला आणि 1355 साली तो लिहून पूर्ण झाला. त्या बाजारात बसणाऱ्या व्यापाऱ्यांना आपला बाजार एका प्रवाशाहून कितीतरी अधिक ठाऊक असणार. परंतु आज आपण तो पाहुण्याच्या डोळ्यांनी पाहतो, कारण लिहून उरले ते पाहुण्याचे.

हिमायतनगर, हदगाव, भोकर, किनवट येथील आपल्या बाजारांचे असे होऊ नये. ज्या वडीलधाऱ्यांनी चाळीस-पन्नास वर्षे दुकान चालविले ते आज आपल्यात आहेत. व्यापारी तरुणांनी या आठवड्यात एवढेच करावे. एक वही आणावी, वडिलांजवळ किंवा चाचांजवळ बसावे आणि त्यांना तीन प्रश्न विचारावेत. पहिला माल कोठून आणि कोणाच्या भरवशावर आणला? सर्वांत मोठे नुकसान कोणते आणि त्यातून कसे सावरलात? कोणत्या गिऱ्हाइकाला कधीच नाही म्हणू नये? मिळालेली उत्तरे त्यांच्याच शब्दांत वहीच्या पहिल्या पानावर लिहावीत. दुसऱ्या पानापासून लिहिण्याची जबाबदारी आपली आहे. अल्लाह आपल्या कमाईत बरकत देवो.