कोठी आणि कारभारी

आमच्या गावच्या वाचनालयात एक लॅपटॉप आहे. महिला बचत गटाचा हिशेब त्यातच असे. गेल्या पावसाळ्यात एके दिवशी तो सुरूच होईना. आतून टिकटिक आवाज येई. पडदा काळाच राही.

गटाच्या आक्का धावत आल्या. म्हणाल्या, "गुरुजी, बायांचा पैका यात लिहिलाय. आता कुणाचं किती, कसं कळायचं?"

आम्ही मॅट्रिक शिकलेले. आम्हांलाही यातले फार कळत नव्हते. म्हणून तालुक्याच्या कारागिराकडे गेलो, शेजारी बसलो आणि विचारत राहिलो. जे समजले ते सांगतो.

घरात धान्याची कोठी असते. तशी लॅपटॉपात माहितीची कोठी असते. तिला हार्ड डिस्क म्हणतात. तिच्यात गुळगुळीत तबकड्या असतात. लॅपटॉपातल्या तबकड्या बहुधा मिनिटाला ५४०० वेळा फिरतात. त्यांवर चुंबकाच्या खुणांनी माहिती लिहिलेली असते. एक बारीक डोके तबकडीला न टेकता त्या खुणा वाचते. दोघांतले अंतर केसाच्या जाडीहून कितीतरी कमी! म्हणून चालू लॅपटॉप आपटला, की कोठी बिघडू शकते. अशी पहिली कोठी १९५६ साली अमेरिकेत आयबीएम कंपनीने आणली. ती कपाटाएवढी होती. तिच्यात ५० तबकड्या होत्या.

या कोठीत एक कारभारीही राहतो. त्याचे नाव ऑपरेटिंग सिस्टीम. कळ दाबली की अक्षर उमटवणे, कागद छापून घेणे, सारी कामे तोच करवून घेतो. विंडोज हा एक कारभारी. लिनक्स हा दुसरा. लिनक्सची सुरुवात १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने केली. तो फुकट मिळतो.

कोठी गेली की कारभारीही जातो. पण लॅपटॉप मेला असे समजू नका. घर शाबूत असते. नवी कोठी आणावी, नवा कारभारी नेमावा.

मात्र आधी एक विचारा: जुन्या कोठीतली माहिती हवी आहे काय? हवी असेल तर टिकटिकणारा लॅपटॉप पुन्हा पुन्हा सुरू करू नका. दर वेळी नुकसान वाढते. जुनी कोठी जपून ठेवा. माहिती काढून देणारे जाणकार असतात. पण खर्च फार येतो, आणि खात्री नसते.

मग नवी कोठी बसवायची. चार्जर काढावा, बॅटरी सोडवावी, मगच आत हात घालावा. हल्ली एसएसडी नावाची कोठी मिळते. तिच्यात फिरणारे काही नसते. तिचे माप आपल्या लॅपटॉपला जुळले पाहिजे.

पुढे दुसऱ्या चालू संगणकावरून कारभाऱ्याची प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी. विंडोजसाठी पेनड्राइव्ह निदान ८ जीबीचा हवा. त्यावरचे आधीचे सारे पुसले जाते, बरे का! प्रत मूळ कर्त्याकडचीच घ्यावी, चोरीची नव्हे.

पेनड्राइव्ह लावून लॅपटॉप सुरू करावा. लगेच एफ१२, एफ२ किंवा एस्केप यांपैकी ठरलेली कळ दाबावी. ती कंपनीप्रमाणे बदलते. यादी दिसते, तिच्यातून पेनड्राइव्ह निवडावा. मग भाषा विचारतात, कोठी कोणती ते विचारतात. येथे नीट वाचूनच बोट ठेवा. निवडलेली कोठी पुसली जाते.

आता परवान्याचे. विंडोज १० किंवा ११ चा परवाना बहुधा लॅपटॉपच्या मुख्य पाटीशी बांधलेला असतो. कोठी बदलली तरी तो सहसा टिकतो. तोच प्रकार घातला आणि इंटरनेट जोडले, की ओळख आपोआप पटते. म्हणून नव्या परवान्याचे पैसे देण्याआधी चौकशी करा. विंडोज १० ची नेहमीची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. लॅपटॉपला ११ चालत असेल तर ते घालावे. नाहीतर लिनक्स आहेच.

आमचा लॅपटॉप दोन तासांत बोलू लागला. पण हिशेब? तो काही आला नाही. आक्कांची कागदी वही दिवाळीपर्यंतचीच होती. मग तीन संध्याकाळी साऱ्या बाया आपापली पासबुके घेऊन बसल्या. गेल्या वर्षी अंगठा उठवणाऱ्या बायांनी स्वतःचे आकडे स्वतः वाचून दाखवले. हिशेब पुन्हा उभा राहिला. एकीचे पासबुक मात्र हरवले होते. तिच्या दोन हप्त्यांचा वाद अजून मिटलेला नाही.

आता दर शनिवारी हिशेबाची एक प्रत पेनड्राइव्हवर जाते. तो आक्कांच्या घरी राहतो. वहीही भरली जाते. कारभारी पुन्हा नेमता येतो. गेलेले धान्य परत येत नाही. म्हणून बियाणे दोन ठिकाणी ठेवावे.

प्रश्न
१. कोठी कशाला म्हटले आहे? कारभारी कशाला?
२. टिकटिक ऐकू आली तर काय करू नये?
३. तुमच्या गटाचा हिशेब किती ठिकाणी लिहिलेला आहे? आजच पाहा.