लोखंड बघून मशीन घ्यावी

माय, जुना अ‍ॅम्प्लिफायर घ्यायचा म्हणतेस, तर आधी तो दोन्ही हातांनी उचलून वजन बघ. मंडपवाले त्याला मशीनच म्हणतात, मीही तेच म्हणेन. मशीनमधलं रेझिस्टर, कॅपॅसिटर, ट्रान्झिस्टर, बटणं, वायर, सगळं बाजारात मिळतं. मिळत नाही ते तिचं लोखंड, म्हणजे ट्रान्सफॉर्मर. एक पॉवरचा आणि दुसरा आउटपुटचा. वजनदार मशीन म्हणजे भरल्या पोटाचा ट्रान्सफॉर्मर. हलकी लागली तर कुणीतरी आतला काढून नेलाय किंवा त्याच्या जागी लहान बसवलाय, असं समजावं.

पॉवर ट्रान्सफॉर्मर जळाला तर चांगला वाइंडिंगवाला तो पुन्हा गुंडाळून देतो. आउटपुटचं तसं नाही. त्यात प्रायमरी आणि सेकंडरी एकमेकींच्या मध्ये थर सोडून गुंडाळलेल्या असतात. फेरे मोजता येतात, पण थरांची मांडणी चुकली की आवाजाची वरची पट्टी मेलीच. मोटर भरणाऱ्याकडं ते काम देऊ नकोस. आउटपुट ट्रान्सफॉर्मर गेलेली मशीन कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये, हे माझं ठाम मत आहे.

आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या भागात जुन्या मशिनी तीन जातींच्या मिळतात. पहिली मंडपवाल्यांची. आहुजा ही दिल्लीची कंपनी १९४० पासूनची, त्यामुळं जुन्या मंडपवाल्यांच्या गोदामात तिची मशीन हमखास सापडते. हरिनाम सप्ताह, कर्णपुऱ्याची यात्रा, खुलताबादचा उरूस, आमखास मैदानावरच्या सभा, हे सगळं असल्याच मशिनींवर झालं. वीज नसलेल्या गावात त्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालायच्या, म्हणून कीर्तनकार कुठल्याही वस्तीवर जाऊ शकायचा. पुढं मोठे मिक्सर आणि डीजे आले आणि या मशिनी पत्र्याच्या खोलीत पडल्या. दुसरी जात आखातातून आलेली: सान्सुई, अकाई, पायोनिअर. आखातात नोकरीला गेलेल्यांनी सुटीवर येताना आणलेली. तिसरी व्हॉल्व्हची. तुझी पहिली मशीन मंडपवाल्याची असू दे, ट्रान्झिस्टरची. तिचं सर्किट साधं, भाग मोठे, हात घालायला जागा भरपूर, आणि ती मार खाऊनच मोठी झालेली असते.

शोधायची कुठं? जाफरगेटला रविवारचा बाजार भरतो, तिथं सकाळी लवकर जा. पण खरी मशीन गावातल्या जुन्या मंडपवाल्याकडं मिळते. बाजारातल्या विक्रेत्याला तिचा इतिहास ठाऊक नसतो, मंडपवाला मात्र ती शेवटी कुठं लागली आणि का बंद पडली हे सांगतो. मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि पुण्याच्या बुधवार पेठेतली तपकीर गल्ली भाग आणायला चांगल्या. जुन्या सुट्या मशिनीसाठी मुंबईत चोर बाजारातला मटन स्ट्रीट.

घेताना मीटर सोबत असू दे. आधी जाळीला नाक लावून वास घे. जळक्या वार्निशचा वास वर्षानुवर्षं जात नाही, तो आला तर मशीन खाली ठेव. मग फ्यूज काढून बघ. फ्यूजच्या जागी तांब्याची तार किंवा सिगारेटची चांदी दिसली तर समजायचं की कुणीतरी बिघाड शोधायचा सोडून मशीन जबरदस्तीनं चालवली आहे. मागच्या स्क्रूंच्या चिरा खराब झाल्या असतील तर किती हात लागले ते कळतं. प्लगच्या दोन पिनांमध्ये स्विच चालू करून ओहम मोज. काही ओहम ते काही दहा ओहम आले तर पॉवर ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी जिवंत आहे. मीटर हललाच नाही तर फ्यूज, स्विच किंवा वाइंडिंग, यातलं काहीतरी तुटलं आहे. या दोन पिनांपैकी कुठल्याही पिनपासून बॉडीपर्यंत मात्र काहीही दाखवता कामा नये. इलेक्ट्रिशियनकडं ५०० व्होल्टचा मेगर असतो, जमलं तर तो लावून घे. विक्रेता म्हणेल, "लावून बघा की, चालू आहे." लावू नकोस. दहा वर्षं बंद असलेल्या मशीनला एकदम पूर्ण वीज दिली की चांगले भागही तिथंच मरतात.

आखाती मशीन असेल तर मागचा व्होल्टेज सिलेक्टर आधी बघ. जपानच्या घरगुती बाजारातली मशीन फक्त १०० व्होल्टची असते, तिला सिलेक्टरच नसतो. सिलेक्टर ११० वर आहे आणि प्लग आपल्या २३० मध्ये, एवढं झालं की पुढचं सगळं काम वाढलं.

घरी आणल्यावर दोन दिवस प्लग लावायचाच नाही. झाकण काढ. आत पालीचं शेपूट, झुरळाची अंडी, उंदराचं मूत, सगळं निघतं. उंदराचं मूत तांब्याच्या पट्ट्या खातं, म्हणून हिरवट डाग दिसतील तिथं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश. आवाजाचं बटण खरखरत असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर आत सोडून वीसेकदा फिरव. गंज काढायचं तेल तिथं घालू नये, ते कार्बनच्या पट्टीवर चिकट थर सोडतं. मग भिंगानं सोल्डर बघ. डागाभोवती बारीक गोल भेग दिसली तर तो ड्राय आहे. २५ वॅटची सोल्डरॉन, ६०/४० ची सोल्डर वायर, जुनं सोल्डर ओढून नवं लाव. मंडपवाल्यांच्या मशिनींचा निम्मा आजार एवढ्यातच बरा होतो, कारण टेम्पोत हादरे खाऊन त्यांचे सांधे सुटलेले असतात.

आता वीज द्यायची, पण सिरीज बोर्डातून. एका लाकडी फळीवर होल्डर, त्यात ६० वॅटचा तारेचा बल्ब, त्याच्याशी सिरीजमध्ये सॉकेट. एलईडी चालत नाही, तारच हवी. आउटपुटला स्पीकर नको, ८ ओहमचा ५० वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर जोड. स्विच दाबला की बल्ब भक्कन पेटतो आणि एक-दोन सेकंदात मंद होतो, म्हणजे कॅपॅसिटर भरले आणि पुढं कुठं शॉर्ट नाही. पेटलेलाच राहिला तर लगेच बंद. मशीन शॉर्ट आहे, पण बल्बनं तिला वाचवलं. मंद झाला तर अर्धा तास तसंच चालू ठेव आणि शेजारी बसून वास घेत राहा. डिमरस्टॅट मिळाला तर आणखी छान, तासाभरात हळूहळू वर न्यायचं. झोपलेल्या इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरच्या आतला ऑक्साइडचा थर असा परत बसतो.

प्रत्येक वेळी बंद केल्यावर कॅपॅसिटर रिकामे कर. स्क्रूड्रायव्हरनं शॉर्ट करून ठिणगी पाडणारे खूप भेटतील, तू तसं करू नकोस. ट्रान्झिस्टरच्या मशीनला १०० ओहम १० वॅट, व्हॉल्व्हच्या मशीनला २.२ किलो-ओहम १० वॅट, चिमट्यात धरून काही सेकंद लाव, मग मीटरनं शून्य झाल्याची खात्री कर. व्हॉल्व्हच्या मशीनमध्ये ३०० ते ४५० व्होल्ट डीसी असतात, तो झटका माणसाला सोडत नाही. पायात रबरी चप्पल, लाकडी स्टूल, एक हात खिशात. घरात एकटी असताना तिला हात लावायचा नाही, ही माझी अट आहे.

कॅपॅसिटर सगळे बदलायचे का? माझं उत्तर, वाळणारे तेवढेच. इलेक्ट्रोलिटिकच्या आतलं रसायन वाळतं, आणि दर १० अंश उष्णतेला त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं. आपल्याकडं मे महिन्यात बाहेरच ४२ अंश, मशीनच्या आत किती असेल बघ. म्हणून ८५ अंशाचा निघाला तरी १०५ चा बसव. व्होल्टेज तेवढंच किंवा जास्त, मायक्रोफॅरड जवळपास तेवढे, आणि पट्टीची बाजू मायनसलाच. सिरॅमिक आणि फिल्मचे चांगले असतील तर हलवू नकोस. व्हॉल्व्हच्या मशीनमध्ये मात्र एक कॅपॅसिटर आधी बदलायचा: आधीच्या व्हॉल्व्हकडून आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडला जाणारा कपलिंग. तो गळायला लागला की ग्रिडवर प्लस व्होल्टेज येतं, ईएल ८४ सारख्या आउटपुट व्हॉल्व्हची प्लेट लाल होते आणि तिच्यासोबत आउटपुट ट्रान्सफॉर्मरही जातो. आणि व्हॉल्व्हची मशीन आउटपुट मोकळं ठेवून कधी वाजवू नये. लोड नसला की ट्रान्सफॉर्मरमध्ये उसळणारं व्होल्टेज आतलं इन्सुलेशन फोडतं. बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे जुने व्हॉल्व्ह अजून कुणाच्या कपाटात खोक्यासकट सापडतात. सापडले तर घे, चांगले असतात.

मंडपाच्या मशिनीत आउटपुटला २एन३०५५ असतो, लोखंडी टोपीचा. कागदावर ६० व्होल्ट, १५ अँपिअर, ११५ वॅट. पण ते ११५ वॅट टोपी २५ अंशावर असताना, आणि आपल्या उन्हाळ्यात तिला २५ अंश कुठून मिळणार? म्हणून हीटसिंकवरची धूळ हा पहिला शत्रू. टोपी म्हणजेच कलेक्टर, म्हणून तिच्याखाली अभ्रकाचा पातळ तुकडा आणि दोन्ही बाजूंनी पांढरी पेस्ट लागते. नवा बसवल्यावर टोपी ते हीटसिंक मीटर लाव, काही दाखवलं तर अभ्रक फाटलाय. गेलेला ट्रान्झिस्टर बहुतेक वेळा कलेक्टर-एमिटर शॉर्ट होऊन जातो. एक गेला की जोडीचे सगळे मोज, आणि त्यांच्या एमिटरचे रेझिस्टरही. नकली २एन३०५५ बाजारात भरपूर आहेत. वजनानं हलका, छापील अक्षर बोटानं पुसलं जाणारं, भाव आश्चर्य वाटावा इतका कमी, असा घेऊ नकोस.

आखाती मशीनला बहुधा आउटपुट ट्रान्सफॉर्मर नसतो, तिथं स्पीकर लावायच्या आधी आउटपुटवर डीसी मोज. ५० मिलीव्होल्टच्या आत असेल तर ठीक, १०० च्या वर गेलं तर कारण शोधल्याशिवाय स्पीकर नको. चालू केल्यावर काही सेकंदांनी रिलेचा टक् आवाज आला पाहिजे. बायस एमिटर रेझिस्टरवर मोजतात: ०.२२ ओहमवर ५.५ मिलीव्होल्ट म्हणजे २५ मिलीअँपिअर. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये जो आकडा असेल तोच ठेव, अंदाजानं प्रीसेट फिरवू नकोस.

आता मंडपाच्या मशीनमधली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, कारण घरी लावणारे इथंच घोटाळा करतात. मागच्या पट्टीवर ४, ८, १६ ओहम आणि शेवटी १०० व्होल्ट लिहिलेलं असतं. ती १०० व्होल्टची लाइन लांबच्या भोंग्यांसाठी आहे. व्होल्टेज जास्त, करंट कमी, म्हणून बारीक वायरीतूनही आवाज दूर जातो, आणि प्रत्येक भोंग्यापाशी त्याचा छोटा ट्रान्सफॉर्मर तो उतरवतो. १०० वॅटच्या मशीनला तिथं १०० ओहमचा लोड हवा असतो. घरचा ८ ओहमचा स्पीकर तिथं थेट लावलास तर तो बारापट जास्त ओढायला बघतो. ट्रान्झिस्टर जातील किंवा स्पीकर जाईल, कदाचित दोन्ही. घरचा स्पीकर ८ च्याच टॅपवर, जिथं १०० वॅटला जेमतेम २८ व्होल्ट येतात. ८ चे दोन स्पीकर समांतर लावलेस तर ते ४ होतात, मग ४ चा टॅप.

ही मशीन बोलण्यासाठी बनलेली आहे. माणसाचा आवाज, टाळ, हार्मोनियम ती इतकी स्वच्छ देते की घरातल्या महागड्या सेटलाही जमू नये. खोल बास तिच्याकडून मागू नकोस आणि त्यासाठी सर्किट बदलू नकोस. जुनी कीर्तनं आणि भाषणं तिच्यावर ऐक.

अर्थिंगचं सांगायचं राहिलं. जुनी कापडी वायर काढून तीन तारांची घाल आणि हिरवी तार बॉडीला घट्ट, रंग खरवडून. गुणगुण येते म्हणून अर्थ तोडणारे लोक आहेत, त्यांचं ऐकू नकोस. गुणगुण बहुतेक वेळा वाळलेल्या फिल्टर कॅपॅसिटरची किंवा दोन ठिकाणी जोडलेल्या शील्डची असते. व्हॉल्व्हची मशीन २२० च्या टॅपवर असेल आणि घरात रात्री २४५ व्होल्ट येत असतील तर ६.३ चा हीटर ७ वर जातो आणि व्हॉल्व्हचं वय कमी होतं. २४० चा टॅप असेल तर त्यावर घे, नसेल तर स्टॅबिलायझर लाव. बॅटरीवर चालवायची असेल तर लाल-काळी तार दोनदा बघून मगच जोड.

पहिला आठवडा रोज तासभर, निम्म्या आवाजावर, तिच्याजवळ बसून वाजव. दर दहा मिनिटांनी मशीन बंद करायची, प्लग काढायचा आणि मग हीटसिंकवर बोट टेकवून बघायचं. बोट टेकवता आलं पाहिजे. काढलेले जुने भाग फेकू नकोस, प्लास्टिकच्या पिशवीत घालून झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटव आणि कागदावर काय बदललं, कुठल्या दिवशी, कुठल्या टॅपवर किती व्होल्ट मिळाले ते लिही. पुढं ती ज्याच्या हातात जाईल त्याला तो कागदच लागेल.