दुपारी दोनची नोंद

हुबळी-धारवाडच्या मराठी घरांत एक शब्द फार घोटाळा करतो. कन्नडमध्ये ‘सुस्तु’ म्हणजे थकवा आणि मराठीत ‘सुस्ती’ म्हणजे आळस. पार्किन्सन झालेला माणूस आपला थकवा ‘सुस्त’ म्हणून सांगतो, पण घरातले मराठी कान तो आळस म्हणून ऐकतात आणि ‘जरा उठा, फिरा, जाईल सुस्ती’ असं उत्तर येतं. त्याहून मोठं नुकसान पुढे होतं. या एका शब्दाखाली तीन निरनिराळ्या गोष्टी दडलेल्या असतात: झोपेची गुंगी, अंगातलं त्राण जाणं आणि उभं राहिल्यावर रक्तदाब उतरणं. कन्नडला यांसाठी निद्दे, सुस्तु आणि तलेसुत्तु असे तीन शब्द आहेत, आणि तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. मीही या तिन्हींची मोट एकत्र बांधली होती. ती कहाणी सांगत नाही, त्यातून जे कळलं ते सांगतो.

आधी त्राणाबद्दल, कारण त्यावर कुणाचा विश्वास बसत नाही. पार्किन्सनच्या साधारण निम्म्या रुग्णांना हा थकवा असतो. कंप किती आहे यावरून तो मोजता येत नाही, हात जेमतेम थरथरणारा माणूसही दुपारी गळून गेलेला असू शकतो. सदऱ्याची बटणं लावण्याचंच पाहा. निरोगी माणसाची बोटं ते काम परस्पर उरकतात, मन दुसरीकडेच असतं. मेंदूतलं डोपामिन कमी झालं की ही आपोआप होणारी कामं लक्ष देऊन करावी लागतात: बटण चिमटीत धरा, काज शोधा, ढकला, मग पुढचं. त्यात स्नायू ताठरलेले. आंघोळ, कपडे, नाश्ता एवढ्यातच दिवसभराचं लक्ष खर्ची पडतं. म्हणून आंघोळीनंतर अर्धा तास बसणाऱ्या माणसाला आळशी म्हणणं अन्यायाचं आहे. अवघड कामं गोळीचा असर चांगला असेल त्या तासात करावीत आणि दोन कामांच्या मध्ये, थकण्याच्या आधीच, बसून घ्यावं.

झोपेची गुंगी ही दुसरीच गोष्ट आहे. थकलेल्या माणसाला आडवं झालं तरी झोप लागेलच असं नाही. गुंगीतला माणूस मात्र हातात पेपर असताना, कधी घास तोंडात असतानाही डुलकी घेतो. रात्रीची मोडलेली झोप हे तिचं एक कारण, औषधं हे दुसरं. प्रामिपेक्सोल किंवा रोपिनिरोल या पार्किन्सनच्या गोळ्या घेणारे आठ रुग्ण गाडी चालवताना झोपी गेल्याची नोंद 1999 साली वैद्यकीय नियतकालिकात आली, तेव्हापासून डॉक्टर या गोळ्यांबाबत सावध असतात. अशी झोप येत असेल तर हुबळी-धारवाड रस्त्यावर स्कूटर किंवा गाडी चालवू नका, चिगरी बसने जा. आणि गोळी स्वतःहून बंद करू नका. पार्किन्सनची औषधं एकाएकी थांबवली तर अंग कमालीचं ताठरून ताप चढण्यापर्यंत मजल जाऊ शकते. मात्रा किंवा वेळ बदलायची ती डॉक्टरांनीच. आपल्या हातात आहे तो उजेड. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या 31 रुग्णांच्या एका अभ्यासात प्रखर प्रकाशासमोर रोज दोनदा एकेक तास, चौदा दिवस बसल्यावर दिवसाची झोप कमी झाली. अभ्यास लहान आहे, त्यावर फार भार टाकू नये. पण आषाढ-श्रावणात धारवाडच्या कौलारू घराच्या माजघरात दिवसभर पडून राहणाऱ्याने निदान सकाळी अंगणाशी खुर्ची टाकावी. ढगाळ आकाशाचा उजेडही माजघरातल्या दिव्यापेक्षा कितीतरी जास्त असतो.

तिसरी गोष्ट सर्वांत दुर्लक्षित आणि तपासायला सर्वांत सोपी. आडवं असताना रक्तदाब मोजा, उभं राहून एक आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. वरचा आकडा 20 किंवा त्याहून जास्त उतरला तर तो थकवा रक्तदाबाचा असू शकतो. भरपेट जेवणानंतर रक्तदाब आणखी उतरतो, म्हणून दुपारी एकदम पोटभर भाकरी-झुणका-भात खाण्यापेक्षा थोडं थोडं दोनदा खावं. पूर्वीपासून चालू असलेली ब्लडप्रेशरची गोळी आता जड होते आहे का, हेही डॉक्टरांना विचारावं.

‘वय झालं, थकवा यायचाच,’ असं पुष्कळजण म्हणतात. वयाचा वाटा आहेच. पण हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-12 आणि मनाची उदासी यांच्यावर उपचार होतात. वयाच्या नावाखाली ती तपासायचीच राहून जातात. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: थकलेल्याने व्यायाम कसा करावा? दमून पडेपर्यंत करूच नये. पण नुसतं पडून राहिलं की स्नायू झिजतात आणि उद्याचं चालणं आणखी महाग पडतं. उणकल तळ्याकाठी किंवा साधनकेरीला रोज थोडं, झेपेल तेवढंच चालणं हे विश्रांतीच्या विरोधात नाही. ‘झोपू द्या त्यांना’ म्हणणाऱ्या घरच्यांची माया मला समजते. पण तीन तासांची दुपारची झोप रात्र खाते. वीस-तीस मिनिटांनी, तीनच्या आत, हाक मारून उठवा. थकव्यावर कुणी खाजकुइलीचं चूर्ण सुचवलं तर लक्षात ठेवा: त्यात पार्किन्सनच्या गोळ्यांतलाच लेव्होडोपा असतो, त्यामुळे चालू गोळ्यांवर ते डॉक्टरांना न सांगता घेणं म्हणजे न मोजता मात्रा वाढवणं.

सात्तूरच्या एसडीएम रुग्णालयात जा, हुबळीच्या केएमसीआरआयला (पूर्वीच्या किम्सला) किंवा धारवाडच्या डिमहान्सला, ओपीडी बहुधा सकाळची असते. गोळीचा असर असताना माणूस टवटवीत दिसतो, डॉक्टर त्याची दुपार पाहतच नाहीत. म्हणून पुढच्या तपासणीआधी सात दिवस वहीत लिहा: गोळी किती वाजता, जेवण किती वाजता, आणि थकवा आला तेव्हा ती झोप होती, त्राण जाणं होतं की चक्कर. दुपारी दोनची नोंद एकही दिवस चुकवू नका.